अंतरपाटाचं एक टोक

भाकरी अजून तव्यावर होती, तोच दोन सख्खे भाऊ एका बोरीच्या झाडावरून भांडत हरिबाच्या अंगणात शिरले. बोर बांधावर उगवलेली. मूळ थोरल्याच्या रानात, फांद्या धाकट्याच्या. दोघांच्याही खांद्यावर कुऱ्हाडी. हरिबानं दोघांना घोंगडीवर बसवलं, आपण बरोबर मध्ये बसला, तंबाखू मळायला घेतली आणि डोळे मिटले. डावा कान थोरल्याला दिला, उजवा धाकट्याला. दोघं तासभर बोलले. तोंडाला कोरड पडली तेव्हा हरिबाच्या बायकोनं, साखराबाईनं, चहा दिला, आणि चहा संपल्यावर दोघंही "हरिबानं लई झ्याक न्याय केला," असं म्हणत कुऱ्हाडी घेऊन आपापल्या वाटेनं गेले. हरिबा एक शब्दही बोलला नव्हता.

"काय न्याय केला वो तुमी?" साखराबाईनं भाकरी उलथत विचारलं.

"मी कशाला करू? त्येंचा त्येंनी केला."

"मंग बोर कुनाची ठरली?"

"बोरीची," हरिबा म्हणाला आणि मेंढरं सोडायला उठला.

पाटोदा तालुक्याच्या माळावरच्या त्या दीडशे उंबऱ्यांच्या वाडीत हरिबाची ख्याती ही अशी. निवडणुकीच्या दिवशी आपली सावली कुण्या एका पार्टीच्या दारात पडू नये म्हणून तो बारा वाजेपर्यंत घरातच बसून राहायचा. उन्हं डोक्यावर येऊन सावली पायाखाली शिरली की मग मतदानाला निघायचा. त्याचं कुत्रं एकदा एका उमेदवारावर दोन वेळा भुंकलं, तर दुसऱ्यावर दोन वेळा भुंकेपर्यंत त्याला भाकरीचा तुकडा मिळाला नाही. त्याची मेंढरं बांधाच्या दोन्ही अंगांनी सारखीच चरतात, एक घास इकडे नाही की तिकडे नाही, असं शपथेवर सांगणारी माणसं आजही वाडीत आहेत. खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बांध पाहावा.

वाडीतली निम्मी जमीन आणि सगळा आवाज मोहनरावांचा. त्यांनी एका पंधरा ऑगस्टला हरिबाला शाळेपुढं उभं केलं, शाल पांघरली, नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, "आपल्या गावाचं तटस्थ व्यक्तिमत्त्व!" टाळ्या पडल्या. हरिबाला शब्द कळला नाही, पण वजन कळलं. कार्यक्रम संपल्यावर त्यानं अंगणवाडीच्या विमलबाईंना हळूच विचारलं, "बाई, तटस्थ म्हंजी काय वो?"

"कुनाचीच बाजू न घेनारा, तात्या."

हरिबा सुखावला. साठ वर्षं आपण जे करत आलो त्याला सरकारी भाषेत इतकं देखणं नाव आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

वाडीत लग्नाची एक जुनी रीत होती. अंतरपाटाचं एक टोक मुलीच्या मामानं धरायचं आणि दुसरं टोक अशा माणसानं, जो ना मुलीकडचा ना मुलाकडचा. बावीस वर्षं ते दुसरं टोक हरिबाच्या हातात होतं. त्याच्या हातून अंतरपाट सुटला की लग्न पक्कं झालं, दोन्ही बाजू राजी झाल्या, असं वाडी मानायची. पुढं कधी कुरबूर निघालीच, तर लोक एवढंच म्हणायचे, "हरिबा व्हता की तितं." तेवढ्यावर तोंडं बंद व्हायची.

दोन वर्षांमागं, दसरा झाल्यावर, सोमनाथनं त्याची थोरली मुलगी शिवकन्या हिचं लग्न काढलं. सोमनाथ आणि मंजुळाबाई दोघं दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ते पाडव्यालाच परतायचे. घरात दोन मुली, शिवकन्या आणि धाकटी अंजू, आणि डोळ्यांनी अधू अशी आजी. आदल्या साली दोघं उसाच्या फडात असताना कुणीतरी रात्रीचं घराचं दार वाजवून गेलं होतं. एवढंच झालं होतं. पण सोमनाथच्या जिवाला तेवढं पुरलं. चौसाळ्याकडचं स्थळ आलं: लखन, सव्वीस-सत्तावीसचा, हाताला काम असलेला, निर्व्यसनी. शिवकन्या आठवीत होती. चौदा वर्षांची.

विमलबाई एक कागद घेऊन हरिबाच्या अंगणात आल्या.

"तात्या, माझ्या वहीत तिची जन्मतारीख हाय. चौदा पुरी व्हऊन दोन म्हैने झालेत. मी अर्ज लिवलाय. पन एकट्या बाईचा अर्ज कोन वाचतंय? खाली तुमची सही पडली तर मोहनरावबी गप बसतील."

हरिबानं कागदाकडं पाहिलं, मग गोठ्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं. "बाई, मी मधला मानूस. आज सोमनाथाच्या इरोधात सही केली, तर उद्या मला मधला कोन म्हनंल? आन् तटस्थचा अर्थ तर तुमीच सांगितलाव मला."

विमलबाईंनी कागदाची घडी घातली. "सांगितला खरा," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी एकटीनं अर्ज दिला. दोन दिवसांनी तालुक्याहून जीप आली. मांडवाकडं बोट दाखवून साहेबांनी विचारलं तर वाडी एका तोंडानं म्हणाली, गोंधळाचा कार्यक्रम हाय. साहेबांनी मेंढरं हाकत चाललेल्या हरिबालाही थांबवलं. "आजोबा, इथं लग्न आहे का कुणाचं?"

"मला काय ठावं, साहेब? मी मेंढरामागं असतो," हरिबा म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. खरंही बोलला नाही. जीप वळून गेली, आणि तिनं उडवलेली धूळ बसायच्या आत मांडवात आचाऱ्याची चूल पेटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. अंतरपाट धरणाऱ्याला जे दिसतं ते मांडवात दुसऱ्या कुणाला दिसत नाही. तो कडेला उभा असतो, त्याला कापडाच्या दोन्ही बाजू दिसतात. हरिबाच्या एका डोळ्याला घामेजलेला लखन दिसत होता, दुसऱ्याला शिवकन्या. अंतरपाट तिच्या कपाळाच्याही वर जात होता. खाली, कापडाच्या काठाखालून तिचे हळदीचे पाय दिसत होते. पैंजण मोठे होत होते म्हणून कुणीतरी त्यांना लाल दोरा गुंडाळला होता.

पाचवं मंगलाष्टक संपलं. सहावं सुरू व्हायच्या आधी भटजींनी श्वास घेतला आणि वाजंत्री क्षणभर थांबली. तेवढ्या शांततेत शिवकन्येनं दोन बोटांनी अंतरपाटाचा काठ पकडला, हरिबाच्या हाताच्या अगदी खाली, आणि त्याच्याकडं न पाहताच म्हणाली, "आबा, सोडू नका."

हरिबानं ऐकलं. नीट ऐकलं. आजन्म दोन्ही कान दोन बाजूंना देण्याची सवय असलेला माणूस तो. एका कानाला हे आलं, दुसऱ्या कानाला मोहनरावांचं "उरका वो भटजी, बुंदी गार व्हतेय" आलं. दोन्हीकडचं ऐकून झालं. आणि जे तो जन्मभर करत आला होता तेच त्यानं केलं. काहीच केलं नाही. "सावधान" झालं, अक्षता उडाल्या आणि त्यानं टोक सोडलं.

कापड पडलं नाही. शिवकन्येच्या दोन बोटांत ते अडकून राहिलं. मामानं हिसका दिला तेव्हा सुटलं. मांडव हसला. "नवरी लाजली!" कुणीतरी ओरडलं आणि वाजंत्री फुटली.

पुढच्या भाद्रपदात हरिबा लिंबाखाली मेंढ्या कातरत बसला होता. मंजुळाबाईंच्या घराकडून जो आवाज उठला तो ऐकून कातरीखालची मेंढी आपोआप गप्प झाली. शिवकन्या बाळंतपणात गेली होती. पोर जगलं होतं; मुलगी होती. "आईच्याच हाडाची वाढ झाली नव्हती, ती लेकराला वाट कुठून देणार?" असं दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, असं मागाहून कळलं. मोहनराव सांत्वनाला आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "देवाची करणी. लग्न तर समद्यांच्या राजीखुशीनं लागलं व्हतं. हरिबा व्हता की तितं."

त्या दिवशी पहिल्यांदा हरिबाला आपलं नाव ऐकून अंगावर काटा आला.

दुपारचे बारा ही मेंढपाळाची निवांत वेळ. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून सावलीला उभी राहतात, माळावर झळा नाचतात, पाखरूसुद्धा बोलत नाही. तिसऱ्या दिवसाच्या दुपारी त्या झळांमध्ये हरिबाला एक पांढरं कापड दिसलं. ताणलेलं. धरायला दोन्ही टोकांना कुणीच नाही. आणि कापडाच्या खाली दोन पाय. हळदीचे. पैंजणांना लाल दोरा.

त्यानं डोळे चोळले. कापड गेलं. दुसऱ्या दिवशी बाराला पुन्हा आलं, थोडं जवळ. पाय चालत नव्हते, नुसते उभे होते, कुणाची तरी वाट पाहिल्यासारखे. कुत्रं त्या दिशेला तोंड करून बसायचं आणि भुंकायचं नाही, शेपूटही हलवायचं नाही. मेंढरं तेवढी जागा सोडून चरायची; भर माळावर चटईएवढं गवत तसंच उभं राहिलं, आणि ते पावसाळा सरल्यावरही हिरवंच होतं म्हणतात.

त्याचा उजवा हात बिघडला. बोलता बोलता, जेवता जेवता तो आपोआप वर उठायचा, छातीच्या उंचीला यायचा आणि चिमटीत काहीतरी धरल्यासारखा थांबायचा. साखराबाई तो हात धरून खाली आणायची, की पुन्हा वर. पाटोद्याच्या बाजारात दाढीला बसला असता न्हाव्यानं पांढरं फडकं झटकून त्याच्यापुढं धरलं, तसा हरिबा खुर्चीतून उठून पळत सुटला आणि अर्धी दाढी घेऊन तीन दिवस हिंडला. वाडीला विनोद मिळाला. "एक गाल ह्या पार्टीला, एक गाल त्या पार्टीला! हरिबाचं वागनं कसं बराबर असतंय बघा!" हरिबा हसला नाही. त्याला फडक्याखाली पाय दिसले होते.

महिना उलटला. एके दुपारी तो ओढ्याकाठी गेला तर बाभळीवर पांढरं लुगडं वाळत होतं आणि त्याच्या खाली दोन पाय होते. हरिबा दोन पावलं मागं सरला. यावेळी मात्र पायांवर हळद नव्हती, चिखल होता. आणि पाय हलले.

"आबा, घाबरलाव का?" लुगड्यामागून अंजू बाहेर आली. हातात शेळीची दोरी. तेरा वर्षांची, आणि बहिणीपेक्षाही लहान चणीची.

"तू साळंला न्हाई गेलीस?"

"न्हाई. नाव काढलं बाबानं. शिवातायडीचं लेकरू सांबाळायचंय ना मला. दाजीसंगं लगीन हाय मपलं." ती शेळीच्या कानातली गोचीड काढत होती. ओढ्याला पाणी आहे, पाल्याला कीड लागली आहे, तसं लग्न आहे. "मोहनरावमामा म्हनले, घरातलं लेकरू घरात राहील. जावळाचा कार्यक्रम म्हनून सांगायचंय समद्यांला. आबा, तुमीच धरनार ना अंतरपाट?"

हरिबाची नजर तिच्या चिखलाच्या पायांवर गेली.

"थोडा खाली धरा बरं का," अंजू म्हणाली. "शिवातायडीला लई उंच झालता. तिला काहीच दिसत नव्हतं."

दोन दिवसांनी सोमनाथ आणि मोहनराव हरिबाच्या अंगणात आले. सोमनाथ खंगला होता. मुलगी गेल्यापासून त्यानं कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता.

"येत्या गुरुवारी हाय," मोहनराव म्हणाले. "दुपारी एकला. घरातल्या घरात. तुझं टोक धरायला ये."

हरिबाचा हात वर उठला होता. त्यानं तो डाव्या हातानं धरून खाली आणला. "मी धरनार न्हाई, मालक."

साठ वर्षांत त्या अंगणात कुणी कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. सोमनाथनं मान वर केली. मोहनराव मोकळेपणानं हसले. "नको धरू. त्यात काय एवढं? दुसरं कुनी धरंल. न्हाईतर खांबाला बांधू टोक, खांबाला काय बाजू असती? तुझ्या तटस्थपनाला आमी धक्का लावनार न्हाई, हरिबा. तू आपला मेंढरामागं जा. कुनी इचारलं तर जे मागं सांगितलंस तेच सांग."

ते गेले. हरिबानं घोंगडीवर बसून छाती भरून श्वास घेतला. "सुटलो," तो साखराबाईला म्हणाला. "न्हाई म्हनलो. तोंडावर न्हाई म्हनलो."

साखराबाई आजारी कोकराला बोळ्यानं दूध पाजत होती. "मंग लगीन थांबलं?"

"ते कसं थांबंल?"

"मंग न्हाई कशाला म्हनलाव?"

"मपला हात लागनार न्हाई त्येला."

साखराबाईनं कोकरू मांडीवरून खाली ठेवलं. "मागल्या साली तिकडच्या घळीत लांडगा आलता तवा तुमी काय केलतं? मेंढी आन् लांडगा, दोघांच्याबी मधी तोंड गप करून बसला व्हताव का? काठी घिऊन धावलाव. कावून? आपल्या मेंढराला बोलता येत न्हाई म्हनून. आवो, बरोबरीचं दोघं भांडत असतील तितं मधी बसावं मानसानं. बोरीसाठी भांडत्यात तितं बसावं. एकीकडं समदं गाव आन् एकीकडं तेरा वर्साचं लेकरू, तितं जो मधी बसतो ना, तो लांडग्याचा पाव्हना असतो."

हरिबानं काठी उचलली. मेंढरं घेऊन माळावर गेला. त्याला वाटत होतं, आज ते दिसणार नाही. आज आपण नाही म्हणालो आहोत.

बाराला झळा उठल्या. कापड आलं. आजवर कधी आलं नव्हतं इतकं जवळ आलं, हात लांब केला तर लागेल इतकं. आणि त्याच्या खाली आज चार पाय होते. दोन हळदीचे, दोन चिखलाचे.

हरिबानं मेंढरं तिथंच सोडली. जन्मात पहिल्यांदा त्यानं मेंढरं राखणीवाचून सोडली, आणि माळ उतरून थेट अंगणवाडीच्या दारात जाऊन उभा राहिला. विमलबाई लेकरांना खिचडी वाढत होत्या.

"बाई, तो कागद पुन्यांदा लिवा."

विमलबाईंनी डाव हातातच धरून त्याच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "तात्या, मागल्या अर्जापासून माझ्या घरावर दोनदा दगड पडले. मोहनरावांनी माझी बदली मागितलीय. तुमी सही करून पुना मेंढरामागं जानार असाल तर आत्ताच सांगा."

"म्या संगं येतो. बोलायला येतो. दिवस, येळ, घर, समदं मला म्हाईत हाय."

बुधवारी सकाळी दोघं पाटोद्याला गेले. ठाण्यातले साहेब नवे होते, तरुण होते, घाईत होते. विमलबाईंनी शाळेचा दाखला पुढं ठेवला. हरिबानं सांगितलं: गुरुवारी, दुपारी एकला, सोमनाथाच्या घरी, जावळाच्या नावाखाली. साहेबांनी भराभर लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी काही?"

"व्हय. ह्याच्या आधीचं लिवा."

"आधीचं कसलं?"

"हिच्या थोरल्या बहिनीचं. शिवकन्या सोमनाथ. चौदाची व्हती. लगीन लागलं तवा जीप आलती, मला साहेबांनी इचारलं. मी सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिसी अंतरपाट मीच धरला. मीच सोडला. पोरगी बाळंतपनात गेली."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांचा आवाज खाली आला. "आजोबा, समजून बोला. बालविवाह लावणारे, त्याला हातभार लावणारे, सगळे कायद्यात येतात. हे मी लिहिलं तर तुम्ही साक्षीदार राहणार नाही. आरोपी व्हाल."

"मंग काय म्हनू? मी लांब व्हतो म्हनू? पयलं नाव माझं घ्या. मंग बाकीची सांगतो."

त्यानं नावं सांगितली. मोहनरावांचं सांगितलं. सोमनाथचं सांगताना त्याचा आवाज फाटला, पण सांगितलं. तो कागदाखाली डावा अंगठा उठवत असताना विमलबाईंनी पाहिलं, त्याचा उजवा हात टेबलावर स्वस्थ पडून होता.

गुरुवारी पाऊण वाजता जीप सोमनाथच्या दारात थांबली. मांडव छोटा होता. लखन मुंडावळ्या बांधून पाटावर उभा होता. अंजूला तिच्या बहिणीचंच लुगडं नेसवलं होतं, कमरेला दोन वेढे जास्त. आधी पोलीस उतरले, मग विमलबाई, आणि सगळ्यात शेवटी, काठी टेकत, हरिबा. तो उतरला तेव्हा वाजंत्री आपोआप बंद पडली. वाडीनं हरिबाला आजवर बांधावर पाहिलं होतं, उंबऱ्यावर पाहिलं होतं, दोन खाटांच्या मधल्या घोंगडीवर पाहिलं होतं. कुणाच्या गाडीतून उतरताना कधी पाहिलं नव्हतं.

"कावून बे, हरिबा?" मोहनराव गरजले. "तू ह्या गाडीत?"

"मीच आनली, मालक."

"तू तर तटस्थ मानूस!"

"व्हतो," हरिबा म्हणाला. "त्यात एक पोरगी गेली."

साहेबांनी कागद वाचला. शाळेचा दाखला वाचला. पुन्हा गोंधळाची, जावळाची गोष्ट निघाली, पण मांडवात हरिबा उभा होता आणि त्याच्यासमोर ती गोष्ट कुणालाच पुरती सांगता येईना. लखननं मुंडावळ्या सोडून हातात घेतल्या आणि खाली मान घालून उभा राहिला. तेव्हा सोमनाथ पुढं आला. त्यानं हरिबाच्या सदऱ्याची कॉलर धरली.

"शान्या झालास? आठ दिसांत फडात जायचंय मला. हिला कुठं ठिवू? थोरलीचं लेकरू कुठं ठिवू? सांग की! गाडी आनलीस, आता हेबी सांग! रात्री दार वाजलं तर तू येनार हायस का?"

त्याच्या तोंडाला फेस आला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कायद्याच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. विमलबाई काही बोलणार तोच बायकांच्या घोळक्यातून साखराबाई पुढं आली.

"माझ्याकडं ठिव. हिलाबी आन् तिच्या भाचीलाबी. माझ्या घरात शेळीचं दूध हाय, कुत्रं हाय, आन् हा मानूस हाय. दार वाजलं तर हा उठंल. न्हाई उठला तर मी त्येला उठवीन."

सोमनाथची मूठ सैल झाली. तो तिथंच, मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसला आणि मंजुळाबाईंनी लेक गेल्यापासून दाबून धरलेला हुंदका बाहेर टाकला.

पुढं जे व्हायचं ते झालं. मोहनरावांनी आपल्या रानात खतासाठी हरिबाची मेंढरं बसवणं बंद केलं आणि त्यांचं पाहून बाकीच्यांनीही. आता त्याला चारणीसाठी पाच कोस लांब जावं लागतं. भांडणं सोडवायला त्याच्या अंगणात कुणी येत नाही. लग्नाची पत्रिका येत नाही. तारखेला तो आणि सोमनाथ एकाच जीपनं जातात, एकाच बाकावर आरोपी म्हणून बसतात, आणि येताना सोमनाथ कधी बोलतो, कधी बोलत नाही. वाडीत गेल्या दसऱ्यानंतर दोन लग्नं ठरली होती. दोन्ही मुली अजून शाळेत जातात. दुपारी बाराला माळावर काय दिसतं, याबद्दल हरिबा कुणाला काही सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, "ज्येनं बघायचं त्येनं बघितलंय."

अंजू त्याच्या घरात राहिली. पहिले काही महिने ती फक्त साखराबाईशी बोलायची. सकाळी भाचीला दूध पाजायची, दप्तर घ्यायची, हरिबासमोरून खाली मान घालून जायची. त्यानं कधी तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही.

माघातल्या एका सकाळी हरिबा अंगणात घोंगडीचा काठ शिवत बसला होता. अंजूच्या कडेवर बाळ होतं. त्याला नुकते दोन दात आले होते आणि ते सगळ्या जगाला चावायला निघालं होतं. अंजू उंबऱ्यात थांबली. बराच वेळ त्याच्या हातांकडं पाहत राहिली.

"आबा."

"बोल, बाई."

"मपल्या लग्नाला तुमी गाडी आनली." तिनं बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मंग शिवातायडीच्या टायमाला तुमी कुठं गेलताव?"

सुई हरिबाच्या बोटात गेली. त्यानं ती काढली नाही. वाडीत दीडशे उंबरे होते, त्या मांडवात तीनशे माणसं जेवली होती, आणि त्यातल्या कुणालाही आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"कुठंच न्हाई, पोरी," तो म्हणाला. "तितंच व्हतो मी."